दोन टाके

माशेलच्या तिठ्याजवळ माझं शिलाईचं दुकान.
शाळेचे गणवेश, होमगार्डच्या विजारी,
लग्नसराईत ब्लाउज.
आणि मागच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली,
अठ्ठ्याण्णव सालची झेन.
गिऱ्हाइकांना वाटतं, भावाची आहे.
वाटू दे.

महिन्यातून एका रविवारी
बंद खाणीच्या सपाट माथ्यावर
कुणी नारिंगी शंकू मांडतं,
आणि मी त्यांच्यामधून गाडी काढते
मुंढ्याच्या गोलाईतून कात्री काढावी तशी.

परवा वास्कोहून ड्वेन आला.
कटिंगच्या टेबलावर
लाल पट्ट्यांचा गुंता ओतला त्याने.
चार टोकांचा, रेसिंगचा, अर्ध्या किमतीत.
"आंटी, हा बांधलास की
गाडी अंगाला चिकटते."

मी आधी बोटं फिरवली.
डावा खांदा उजव्याहून पाव इंच लांब.
वीण ताणून विरलेली,
पोरांच्या विजारी गुडघ्यावर विरतात तशी.
कुणीतरी एकदा यात
फार जोरात थांबलं होतं.
लाल रंगाचा उन्हाने गुलाबी झालेला,
आणि तारखेच्या लेबलाच्या जागी
सुईची भोकं तेवढी.

"जरा उसवलंय इथे. तू टेलरच ना?
दोन टाके मारून टाक."

चोवीस वर्षांत या वाक्याला
मी नाही म्हटलेलं नाही.
चर्चच्या पायरीवर, उभ्या उभ्या,
मयताच्या कोटालाही मारलेत.
पण माझा दोरा शर्टाचं वजन ओळखतो.
साठच्या वेगात साठ किलोंच्या बाईचं
काय होतं, ते त्याला कुठे ठाऊक.

इनासकडे नेला.
बियरच्या क्रेटवर बसून त्याने बकल
तीनदा उघडलं, तीनदा मिटलं.
"बाय, हो पट्टो मेला."

मग छताकडे बोट.
वर रोल बार नाही तुझ्या.
गाडी उलटली तर छप्पर खाली येईल,
आणि तू चारी बाजूंनी बांधलेली, ताठ,
मान चुकवायला जागा नाही.
कंपनीचा पट्टा निदान कुशीला कलू देतो.
खांद्याचे पट्टे मागे सरळ जायला हवेत,
खाली जमिनीला बांधलेस तर कणा दाबतील.
आणि चार टोकांत
ते, हे, मांड्यांमधून येणारे पट्टे नसतात,
मग पोटावरचा वर चढतो, माणूस खाली घसरतो.
मांड्या म्हणताना तो
टायरकडे बघत होता.
मी म्हटलं, इनास, मी मापं घेते लोकांची,
नीट सांग.

रात्री शटर ओढून स्वतःचं माप घेतलं.
सगळा गाव सांगतो,
नाडी बांधतो ती कंबर.
पट्ट्याची कंबर तिथून चार बोटं खाली,
दोन्हीकडे हाड लागतं तिथे.
पोटाला धक्का पोचू नये.
पोटावर आधीच एक शिवण आहे माझ्या,
डॉक्टरने घातलेली,
वाकडी.

मापांच्या वहीत शेवटच्या पानावर लिहिलं:
रोल बार. बकेट सीट.
पट्टा सहा टोकांचा, नवा, लेबलासकट.
पुढे आकडा.
त्याच्यापुढे, किती गणवेश.
दोन जून जातील.

तोवर कंपनीचाच.
सीट दोन खाचा मागे, पट्टा लावायचा,
हिसका देऊन अडकवायचा,
मग सीट पुढे.
हाडावर गच्च बसतो. इनासची युक्ती.

या रविवारी एक शंकू पाडला.
दोन सेकंद दंड.
अकरा जणांत सातवी.

ड्वेनला पाचशे रुपये दिले
आणि त्याच्यासमोर मोठी कात्री घेतली.
तो "आंटी, आंटी" करत राहिला.
नाहीतर त्याने म्हापशाला नेऊन
दुसऱ्या कुणाला विकला असता.
बकलाजवळ कात्री अडली,
धार पुन्हा लावावी लागली.

त्यातल्या लांब तुकड्याने
आता शेडची ताडपत्री बांधते.
वाऱ्यापुरता
तो अजून चांगला आहे.