अस्तर

डॉक्टर रिपोर्टच्या पाठीवर फुप्फुस काढतात,
भोवती पेनाने एक रेघ: हे अस्तर.
तो शब्द द्वारकाला कळतो.
भोसरीत ब्लाउज शिवून तिने तीन पोरं शिकवली.

"काढता येईल?"
"येईल. पण हे वय, हे हृदय..."
मग केमो, दर तीन आठवड्यांनी.
किंवा ते नवं औषध, सलाईनमधून;
किंमत त्यांनी हळू आवाजात सांगितली.
किंवा नुसतं पाणी काढत राहायचं,
दम कमी लागेल.

मी एकवीस वर्षं ब्रेक लायनर घासले.
माझा एक्सरे स्वच्छ.
माझे कपडे तीच झटकायची गॅलरीत,
तोंडात चिमटे धरून.

नाशिक फाट्यापर्यंत बसमध्ये गप्प.
मग म्हणाली, पाणीच काढू.
उसवून शिवायचं तर
कापडात दम हवा.