येक्कडिकी

सव्वा वर्ष मी सायकल चालवली
आसरा चौकात, तिसऱ्या मजल्यावर,
एसीत, निळ्या दिव्यांत,
आणि सायकल तसूभर हलली नाही.
पंचेचाळीस मिनिटांत बावीस किलोमीटर, पडदा सांगायचा.
उतरले की तीच फरशी,
तोच आरसा, त्यात तीच मी,
फक्त ओली.

प्रज्योतसर ओरडायचे, "चढ आला, चढ!"
की आम्ही अकराजणी लाल खुंटी उजवीकडे पिळायचो
आणि चढ यायचा.
"उतार!" म्हटलं की डावीकडे.
इतके आज्ञाधारक डोंगर मी दुसरे पाहिले नाहीत.
सोलापुरात डोंगरच नाहीत, हा भाग वेगळा.

मग विजापूर वेशीतल्या मशाकभाईंकडून
जुनीच, पण गिअरची सायकल घेतली.
हवा भरता भरता ते म्हणाले,
"ब्रेक दोन हैत, भाभी. पुढचा एकटा दाबायचा नाही, काय?"
मी मनात म्हटलं, पाय बघा तरी.
बावीस किलोमीटरचे आहेत.

पहिल्याच वळणावर पडले.
साखर पेठेत, पाण्याच्या टँकरसमोर.
पोटऱ्या घट्ट, दम शाबूत,
आणि वळायचं कसं तेच आठवेना.
तिथं कधी वळलेच नव्हते ना.
तिथली सायकल झुकत नाही,
तिला पडणं माहीत नाही.
एक पोरगं धावत आलं, "लागलं का बे मावशी?"
लागलं होतं. कोपराला.
आणि ते "मावशी"ही, थोडंसं.

रविवारी पुन्हा. सव्वासहाला,
अशोक चौक मागं टाकून अक्कलकोट रोडनं.
एमआयडीसीत भिंतींआड माग चालू होते,
खटाक्-खट, खटाक्-खट,
पाय आपसूक त्या ठेक्यात गेले
आणि नायना आठवले.
हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेले,
डावी पावडी, उजवी पावडी,
बत्तीस वर्षं, एकाच जागी.
किती किलोमीटर झाले असतील?
त्यांना पडदा नव्हता.
लुगडी तेवढी निघून जायची
त्यांनी न पाहिलेल्या गावांना.

पुढं वारा.
समोरून, कुणी खुंटी न पिळता.
कारखान्याहून परतणारा ट्रॅक्टर, मागं दोन रिकाम्या ट्रॉल्या,
इतक्या जवळून गेला
की पाचटाचं एक पातं हेल्मेटवर ठेवून गेला.
मग कुत्रं.
प्रज्योतसरांनी कुत्र्याचा धडा घेतलाच नव्हता.

कुंभारीच्या अलीकडं विडीवाल्या बाया,
काखेत सुपं, हातात पिशव्या,
रस्ताभर पसरून चाललेल्या.
मी ब्रेक दाबला. मागचा आधी.
एकीनं मला हेल्मेटपासून बुटापर्यंत पाहिलं
आणि विचारलं, "येक्कडिकी?"

कुठं?

अम्मा कधी विचारायची नाही.
निघालेल्या माणसाला कुठं म्हणू नये,
काम होत नाही, म्हणायची.
तिसऱ्या मजल्यावरही सव्वा वर्षात
कुणी विचारलं नाही,
आणि काम अगदी चोख होत होतं.

"वळसंगला," मी म्हणाले,
आणि म्हटल्यावर ते ठरलं.
"तिथं कोण हाय?"
"कुणी नाही."
त्या हसल्या.
एकमेकींना काहीतरी सांगून पुन्हा हसल्या.
बाजूला झाल्या.

वळसंग काही आलं नाही त्या दिवशी.
दोन किलोमीटर अलीकडंच पोटरीत गोळा आला.
ज्वारीच्या बांधावर बसून शेंगापोळी खाल्ली,
पोटरी चोळली,
एका म्हशीनं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं.
मग आता वारा पाठीशी येईल
या हिशोबानं सायकल वळवली,
जराशी झुकवून,

तर तोही वळला होता.