चौथी ओळ

दुधाच्या बिलामागे सापडल्या तीन ओळी,
तुझ्याच तिरक्या अक्षरात:

    धुक्यात गेली मेंढी काळी,
    घंटा नाही तिच्या गळी,
    हाक मारतो मी अवेळी,

आणि स्वल्पविराम.
पुढे नुसता अंगठ्याचा ठसा, लोकरीच्या मेणाचा.
चाळीस वर्षं सांगत आले, आउसग्रीमुर,
हात पुसून लिहीत जा.

या खोऱ्यात कुणी ओळ अर्धी ठेवत नाही.
कॉफीला आलेला माणूस दोन ओळी टाकतो,
घरच्याने पुढच्या जुळवायच्या, रीतच तशी.
तुला पुरलं, आणि आठवड्याच्या आत
जो तो आला आपापली चौथी ओळ घेऊन,
बायका केक घेऊन आल्या तसा.

पाद्री ह्याल्ती म्हणाले, "देव तियेला सांभाळी."
यमक बरोबर. मात्रा बरोबर.
मी कॉफी ओतली.

उल्फहिल्दुरने आकुरेरीहून फोनवर एक सांगितली,
पण पोर रडत होती,
शेवटचा शब्द कळलाच नाही.
पुन्हा विचारला नाही मी.

आणि दुधाचा टँकरवाला केतिल,
दारातच, टोपी न काढता:
"संध्याकाळी भरली थाळी!"

हसले, रे.
तू गेल्यापासून पहिल्यांदा, आणि इतकी
की तो बिचारा घाबरून आत आला, पाणी शोधू लागला,
बाहेर टँकर तसाच घरघरत.
तू असतास तर मांडी थोपटली असतीस.
मग म्हणाला असतास, वाईट आहे,
पण विसरू नका.

सप्टेंबरात मेंढ्या डोंगरावरून उतरल्या.
कुंपणात उभी राहून मी एकेकीचे कान पाहिले:
डावा चिरलेला, उजव्याला अर्धचंद्र.
एकशे अकरा.
काळी नव्हती.
पोरं म्हणाली, बर्फ आलंच समजा, काकू, आता सोडा.
मी परत पहिल्यापासून मोजायला लागले.

ओळ तुझी आहे.
मी लिहिणार नाही, कुणाला लिहू देणार नाही.
माणूस शोधायला बाहेर पडलेला असताना
मागून कडी घालतं का कुणी?
गोठ्याचा दिवा रात्रभर चालू असतो.
वीजबिल येईल ते येईल,
त्याच्याही मागची बाजू कोरीच असते.

फक्त तुझं पेन
खिडकीत उघडंच पडलं होतं,
त्याला टोपण लावलंय तेवढं.