जोड

नोटीस आली तेव्हा मी गुळाच्या डब्यासाठी
पिवळा शोधत होतो.
हो, 'होतो'च. राजारामपुरीत वाढलेली पोर मी,
आम्ही 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतो.
वकिलांनी उत्तराच्या मसुद्यात तेवढं 'होते' करून घेतलं.
ही ढब कुणी कुणाची उचलली
याची नोटीस अजून कुणाला आलेली नाही.

वादी: शंतनू खराडे, ताराबाई पार्क.
ऊस, त्याला दोन पानं, दोन्ही डावीकडे झुकलेली.
उसाभोवती गोल.
रंग काकवीचा.
सगळं म्हणे त्याचं, माझ्या आधी सात महिने त्यानं केलेलं.
शेवटी रक्कम, अंकी आणि अक्षरी.

सौद्याच्या वेळी मार्केट यार्डात गेलो.
गुळाच्या थप्प्यांमधून चिकट चपलेनं
एकेक खोका टिपत.
डावीकडे झुकलेला ऊस: एकोणीस.
उजवीकडे: चार.
सरळ उभा एकच, आणि तो छपाईत उलटा आलेला,
मुळं आभाळात.
गोलाचं विचारलं तर हमाल हसला,
"काहिलच गोल असतीया, बाई."
आणि पानांचं विचारलं तर वडणग्याचा गुळव्या म्हणाला,
"वारं येतंय तसं वाकतंय पान.
तुमच्या हापिसात इचारून वाकल व्हय?"

वकील खूश.
"ही सगळ्यांची स्टाइल. कुणाच्या बापाची नाही."
फोटोंवर नंबर घातले, खाली सह्या केल्या.

रात्री झोप लागेना.

कारण एक गोष्ट नोटिशीत नव्हतीच.
माझा गोल खाली जुळत नाही.
उसाच्या बुडाशी बोटभर जागा उघडी आहे.
क्लायंटला मी सांगितलेलं, इथून गोडवा बाहेर येतो,
आणि त्यानं तिथंच अॅडव्हान्स काढला.
पण ती फट मी आधी पाहिली होती,
शंतनूच्याच एका कामात, दुधाच्या पिशवीवर,
चहाला आधण येताना, दोन वर्षांमागं.
पाहिली, पिशवी कात्रीनं कापली, विसरलो.
हात विसरला नव्हता.

जे घेतलं नाही त्याचे पुरावे माझ्याकडं तेवीस फोटो.
जे घेतलं ते कुणी विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी गंगावेशीत गेलो, दस्तगीर पेंटरांकडं.
दहावीच्या सुट्टीत शंतनूनं आणि मी
एकाच बाकावर बसून त्यांच्याकडं 'क' गिरवलेला,
एकाच डब्यातला टर्पेंटाईन सांडून
दोघांनी एकच शिवी खाल्लेली.
आता फ्लेक्स आले, चाचांचा हात थरथरतो,
ब्रश नारळाच्या करवंटीत उभे, कडक.
मागं भिंतीला सायकल दुकानाची पत्र्याची पाटी,
मालकानं परत केलेली.
सायकल हिरवी.
दोन्ही चाकं खाली उघडी,
बोटभर.

"चाचा, गोल असा का सोडायचात?"
"रंग संपायचा की गं. परत बुडवून वढला तर जोड दिसतीया.
म्हणून सोडून द्यायचो."
मग माझ्याकडं बघून,
"तुमाला काय वाटलं?"

मी काही म्हणालो नाही.
चहा झाला. निघताना त्यांनी पाटी पुसली,
कुणी गिऱ्हाईक येणार असल्यासारखी.

घरी येऊन फाईल उघडली, गोल जुळवला.
कॉम्प्युटरवर जोड दिसत नाही,
कितीही मोठं करून बघा.
मला मात्र ती नेमकी तिथंच दिसत राहिली.
पुन्हा उघडला. पुन्हा जुळवला.
पिवळा तसाच राहिला.

तारीख पंधराची आहे.
वकिलांना फटीचं अजून सांगितलेलं नाही.
काल रात्री अकराला शंतनूला फोन लावला,
नोटिशीनंतर पहिल्यांदा.
म्हणालो, "दस्तगीर चाचांकडं गेलतास का इतक्यात?"

पलीकडं बराच वेळ काही नाही.
टीव्हीवर कुठली तरी कुस्ती चाललेली.
मग त्यानं विचारलं,
"चाकं बघितलीस?"