हातचा

जानेवारीच्या सातव्या दिवशी
त्रिएस्तेत बोरा सुटला होता,
डोंगर उतरून थेट समुद्राच्या अंगावर जाणारा वारा.
रेडिओ म्हणाला, ताशी एकशे अठरा.
खिडकीपाशी उभी राहून नेविया म्हणाली,
"वाऱ्यालासुद्धा आकडा आहे.
आपल्याला का नसावा?"

मग तिने फळ्यावरचं गेल्या तिमाहीचं वाक्य वाचलं,
'मध्य युरोपातल्या ग्राहकांशी नातं दृढ करणे'.
"दृढ म्हणजे किती?"
कोणीच बोललं नाही.
"किती पोती? कोण आणणार? कधीपर्यंत?"
तिने फळा पुसला.
ओल्या पट्ट्यात 'नातं' थोडा वेळ दिसत राहिलं.

आम्ही चौघं.
कच्च्या कॉफीची पोती साठवणाऱ्या गोदामाचा
व्यवसायवृद्धी विभाग,
म्हणजे चार टेबलं आणि कण्हणारा एक प्रिंटर.
संध्याकाळपर्यंत फळा भरला:
दोनशे फोन, चाळीस भेटी,
एकतीस मार्चपर्यंत बारा करार.
प्रत्येक आकड्यापुढे एक नाव,
दर शुक्रवारी चार वाजता मोजणी.
तक्ता माझ्याकडे आला. हिरवा, पिवळा, लाल,
रंग मीच निवडले.

तुल्लिओला मोजणं नवं नव्हतं.
एकतीस वर्षं त्याने पोत्यात नळी खुपसून दाणे काढले,
काळे, फुटके, किडके वेगळे मोजले,
मापात कधी पाप केलं नाही.
तो म्हणाला, "ग्राट्सच्या झ्मोल्निगकडे
मी एक बुधवार सोडून एक जातो.
नोव्हेंबरात त्याची बायको गेली.
आम्ही कॉफीबद्दल बोलत नाही.
हे कुठल्या रकान्यात?"

नेवियाने पेनाचं टोपण उघडलं, मिटलं.
"भेटीत धर."
"आणि भेटीत जे झालं ते?"
"शेरा."
म्हणून तक्त्यात एक रकाना वाढला.
त्याला रंग नव्हता.

आकडा काय करतो ते फेब्रुवारीत कळलं.
दुशाना, जी नकार ऐकल्यावर पुन्हा फोन लावत नसे,
ती तिसऱ्यांदा लावू लागली,
आणि लुब्लियानाचा करार तिसऱ्याच फोनवर झाला.
आणि मी,
एका शुक्रवारी चारला पाच कमी असताना
दोन फोन कमी पडत होते, तर लिहिले:
'उचलला नाही', 'उचलला नाही'.
केलेच नव्हते.
सोमवारी दोन्ही केले. दोघांनीही उचलले.
तो हिरवा शुक्रवार मला अजून लाल दिसतो.

तुल्लिओच्या शेऱ्यात मार्चअखेर सहा ओळी होत्या.
'काही नाही.'
'पत्ते खेळलो. हरलो.'
'काही नाही.'
'त्याने पडदे धुतले.'
'हरलो.'
'आज कॉफी त्याने स्वतः केली. करपली होती. सांगितलं नाही.'

करार अकरा.

दोन एप्रिलला टपालाने पाकीट आलं,
झ्मोल्निगची सही, निळ्या शाईत,
तीनशे वीस पोती.
दुशाना म्हणाली, "दोनच तर दिवस. तारीख मागे घे,
कोण बघतंय?"
अकरावर बोनस नव्हता. बारावर होता.
दुशानाच्या मुलाच्या दातांना तार बसवायची होती,
हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

नेवियाने कागद उजेडाकडे धरला,
जणू सहीच्या आरपार दुसरी एखादी तारीख दिसेल.
बराच वेळ.
"अकरा," ती म्हणाली. "अकराच लिही."
दुशाना उठून बाहेर गेली.
तुल्लिओ आपल्या हातांकडे बघत बसला,
उशीर त्यानेच केल्यासारखा.

मी नवीन पान उघडलं. एप्रिल ते जून.
सगळे रकाने कोरे,
आणि पहिल्याच्या डोक्यावर, शाळेत लिहायचो तसा,
बारीक अक्षरात, हातचा एक.

पुढच्या बुधवारी तुल्लिओ ग्राट्सला गेला.
आता तिथे मिळवायचं काही उरलं नव्हतं.
मी भरलं: भेट, एक.
शेरा त्याने स्वतः येऊन लिहिला.
'जिंकलो. त्याने पुन्हा डाव मांडला.'