काचपट्टी

रोज सकाळी साडेसातला
आचऱ्याच्या दवाखान्याच्या गच्चीवर जाऊन
मी कालची काच काढते, आजची लावते.
व्हॅसलिनचा पातळ हात, मागे तारीख.
वाऱ्यात जे असेल ते चिकटतं.

खाली खोलीत बसून मोजते:
सुरू एकशे बारा. गवत चाळीस.
नारळ नऊ.
आंबा दोनच; त्याचा कण जड,
लांब जात नाही, झाडाखाली राबणाऱ्यालाच धरतो.
उरलेलं 'इतर'मध्ये.
हा रकाना पूर्वी बोटभर होता,
यंदा वही आडवी धरावी लागते.

जयवंती टिकम दर बुधवारी येते.
नवरा आंब्याच्या बागांत, फवारणीचा पंप पाठीला.
हिचा पंप कमरेच्या पिशवीत,
सुकटीच्या सुट्ट्या पैशांबरोबर.
"घरात दोन पंप," म्हणते,
"पाण्याक पंप नाय तो नायच."

"आदी ह्या दुखण्याक तिथ होती गो.
थंडी पडली, मोहोर इलो, की येय.
कैरी धरली की जाय.
आता मोहोर तीनदा येता,
ह्यां पण."

मी मागची पानं उलटली.
कार्तिक संपला तरी पाऊस हटला नव्हता,
पौषात रात्रभर पंखे,
आणि किनाऱ्यावर सुरूच्या बनात
नेहमीच्या कितीतरी आधी
पिवळा धूर.

त्या बनाचं तिनं उठता उठता सांगितलं.
सहावीत असताना शाळेनं लावलेली रोपं,
समुद्र गावात शिरू नये म्हणून.
हिच्या वाट्याला अकरा.
उन्हाळाभर कळशीनं पाणी घातलं,
नऊ जगली.
समुद्र अजून पलीकडेच आहे.
ती त्यांच्याच आडोशाला मासळी पसरते
आणि रात्री भिंतीला टेकून, बसल्या बसल्या झोपते.

"तोडूक सांगू नको हां कोणाक."
मी सांगणार नव्हते.
माझ्या वहीत त्याचा रकाना नाही.

मग म्हणाली, दाखव तरी माका.
दुसरा डोळा मिट, हे दोनदा सांगावं लागलं.
रंग दिलेले गुलाबी कण,
गोलसर, तीन तीन भोकांचे.
"ह्यां?"
बराच वेळ काही नाही.
"इतक्याशां?"

बाहेर वारा पालटला, खाडीकडून येऊ लागला.
खिडकीचं दार आपटलं.
काचेवर वाकलेली जयवंती
श्वास रोखून उभी होती,
उडून जातील म्हणून.