सुकती

नगरपालिकेच्या स्मरणिकेसाठी
तुमच्यावर दीडशे शब्द हवेत, दादबा नाबर,
शनिवारपर्यंत.
अध्यक्ष म्हणाले, वाद नको, छान लिहा.

छान म्हणजे :
वेंगुर्ल्यात सार्वजनिक विहीर खणलीत,
बंदरावर पाच कंदील लावलेत.
सभागृहात तुमची तसबीर आहे, पगडी जराशी तिरकी,
डाव्या डोळ्यापाशी कसर लागलेली.

पण माझ्या टेबलावर दोन कागद आहेत.
दोन्ही शके सतराशे एकोणऐंशीच्या फाल्गुनातले,
एकाच बोरूचे; ओळीच्या शेवटी
तुमचं मोडी अक्षर शेपूट ओढत खाली जातं.
पहिल्यात साहेबाच्या पलटणीला तांदूळ, बारा खंडी,
शेवटी 'आज्ञाधारक'.
दुसऱ्यात तीन खंडी,
तेरेखोलपलीकडे, रानातल्यांसाठी, रात्रीच्या होडीने.
खाली सही नाही.
'भिकोबा उपाशी न राहावा', एवढंच.

वैशाखात रेडीच्या किल्ल्याखाली
साहेबाने तीन कैदी उभे केले.
ओळखा, म्हणाला.
दप्तरात नोंद आहे :
दोघांची नावे सांगितली. तिसरा इसम ओळखीचा नाही.

नाव कळलं असतं तर त्याला चिंचेला टांगला असता.
कळलं नाही म्हणून काळ्या पाण्यावर धाडला,
बेनाव, बेगाव.
आणि ते दोघे?
त्यांच्या बायका तुमच्या विहिरीवर
कधी पाण्याला आल्या का?
दप्तर यावर काही बोलत नाही.

साहेबाला तुम्ही खोटारडे वाटलात,
आईने तुमच्या हातचं जेवण सोडलं,
आणि पारावरची माणसं अजून म्हणतात,
'नाबर? भरतीक हयसरचो, सुकतीक थयसरचो.'

मला एक सापडलंय, दादबा, छान आहे की नाही ठाऊक नाही.
चार कंदील धक्क्यावर.
पाचवा दक्षिणेच्या खडकावर, जिथे गलबत लागतच नाही.
त्याच्या तेलाचा खर्च पालिकेच्या खात्यात नाही,
तुमच्या खासगी वहीत आहे,
अठरा वर्षं, दरमहा,
शेवटच्या महिन्यात अक्षर दुसऱ्याचं.

एकशे अठ्ठेचाळीस शब्द झाले.
विहीर आली, धक्का आला, पगडीही आली.
दोन शब्द उरलेत.
शिपाई दारात किल्ल्या वाजवत उभा :
'भाऊसाहेब, चला आता, बांगडो संपतलो.'
मी पेनला टोपण लावतो.
पुन्हा काढतो.